उलटलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे बेळगाव, चिकोडी, निपाणी, अथणी या टापूतील रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीचा ऊस, आणि हे सारे ओझे शेताच्या बांधावरून, ओढ्याच्या उतारावरून, चिखलाच्या गाडीवाटेने पक्क्या सडकेला आणावयाचे. अशा स्थितीत कोठे ना कोठे ट्रॅक्टर उलटल्याचे कानी येते यात नवल नाही. आमच्या सभासदांपैकी कित्येकांचा या यंत्राशी रोजचा संबंध आहे. कोणी सुटे भाग विकतो, कोणी तेल आणि टायर विकतो, कोणाची स्वतःची शेती आहे, तर कोणाची रक्कम ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याकडे उधारीत गुंतलेली असते. म्हणून अपघात झाला की पहिला नाही तरी दुसरा फोन आमच्यापैकीच कोणाच्या तरी दुकानात येतो, आणि माणसाची विचारपूस संपताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "अण्णा, गाडी चालू कधी होणार?"

या प्रश्नाचे उत्तर देताना व्यापाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, कोरड्या जमिनीवर उलटल्यामुळे ट्रॅक्टरच्या इंजिनाचे सहसा फारसे बिघडत नाही. त्याचा नाश होतो तो उभा केल्यानंतर उतावळेपणाने मारलेल्या पहिल्या सेल्फने. पत्रा चेपतो, मडगार्ड वाकते, सायलेन्सर मोडतो. हे सर्व डोळ्यांना दिसते आणि त्याचा खर्च बेताचा असतो. जे दिसत नाही ते इंजिनाच्या पोटात असते, आणि ते न पाहता चावी फिरविणारा मनुष्य काही हजारांचे काम लाखाच्या घरात नेऊन ठेवतो.

ट्रॅक्टर मुख्यतः दोन तऱ्हांनी उलटतो. पहिली तऱ्हा कुशीवर पडण्याची. एक चाक बांधावर चढले, दुसरे पाटात उतरले, किंवा भरल्या ट्रॉलीनिशी वळण वेगात घेतले, की उंच बांध्याचे हे यंत्र तोल सोडते. दुसरी तऱ्हा अधिक भयंकर आहे. मागची चाके चिखलात रुतलेली असतात, चालक त्यांच्यापुढे ओंडका बांधतो आणि क्लच एकदम सोडतो. चाके फिरू शकत नाहीत, मग त्यांच्या आसाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाके उचलली जातात आणि यंत्र चालकासकट पाठीवर येते. या सर्व प्रकारास अवघा दीड सेकंद लागतो, आणि त्यातील पहिल्या अर्ध्या भागात क्लच दाबला गेला तरच बचाव होतो. ओझे ओढण्याची साखळी खालच्या हुकाऐवजी वर, टॉप लिंकच्या जागी, बांधली तरी हाच परिणाम होतो. कारण ओढ जितकी आसाच्या वर, तितकी ती नाक वर उचलते.

मागे उलटण्याची ही खोड फार जुनी आहे. १९१७ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. तो स्वस्त होता, लोकप्रिय होता, आणि मागे उलटण्याबद्दल तितकाच कुप्रसिद्ध होता. नांगर दगडाला अडला की त्याचे नाक वर येई. या दोषावर हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने पुष्कळ वर्षे विचार करून तीन सांध्यांची जोडणी सिद्ध केली. तीत नांगर अडला असता त्याचा दाब पुढच्या भागास खाली धरून ठेवतो. १९३९ पासून फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरांवर ही जोडणी आली, आणि आज आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरची लिफ्ट त्याच तत्त्वावर चालते. परंतु ती अवजाराला जोडली असतानाच काम करते. चिखलात रुतलेल्या चाकाला ओंडका बांधणाऱ्याला फर्ग्युसनसाहेबांची काही मदत होत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीनेही ही तऱ्हा जाणून घेणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टर कोणत्या अंगावर पडला, पूर्ण पालथा झाला की नुसता कलंडला, आणि किती वेळ त्या स्थितीत राहिला, या तीन गोष्टींवरून आतील तेल कोठे गेले असेल त्याचा अंदाज बांधता येतो. फोन आला असता हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

आधी माणूस, मग यंत्र

ट्रॅक्टरखाली कोणी सापडले असेल तर इतर सर्व विचार बाजूस ठेवावा. इंजिन चालू असल्यास स्टॉपर ओढून बंद करावे. ट्रॅक्टर आणखी घसरू नये म्हणून मिळतील ते दगड, लाकडी ठोकळे खाली सारावेत, आणि १०८ अथवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जमलेल्या मंडळींनी दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून घाईने ओढावयास लागणे हे अत्यंत धोक्याचे आहे. ओढताना यंत्र सरकते आणि ज्याला वाचवावयाचे त्याच्याच अंगावर पुन्हा बसते. ते वर उचलले गेले पाहिजे, ओढले जाता कामा नये. आणि जितके उचलले तितका आधार लगोलग खाली देत गेले पाहिजे.

माणूस सुखरूप आहे असे कळल्यावर पुढची पायरी आगीच्या बंदोबस्ताची. टाकीतून डिझेल आणि बॅटरीतून आम्ल सांडलेले असते. डिझेलचा कॉक बंद करावा आणि बॅटरीच्या तारा सोडाव्यात. त्यातही आधी बॉडीला जोडलेली तार, म्हणजे अर्थ, सोडावी, म्हणजे पान्ह्याची ठिणगी उडत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बघ्यांना दूर ठेवावे. आम्ल जेथे सांडले असेल तेथे भरपूर पाणी ओतावे. खाण्याचा सोडा घातलेले पाणी अधिक चांगले.

यानंतर, यंत्र हलविण्यापूर्वी, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तेव्हा यास सबब नाही. याचा उपयोग विम्याच्या वेळी कसा होतो ते पुढे सांगू.

आता उभे करणे. यासाठी आपल्या भागात सहज मिळणारी हायड्रा क्रेन हेच सर्वांत उत्तम साधन होय. तिचे भाडे अधिक वाटते, पण दोराने ओढताना स्टिअरिंग किंवा मडगार्ड उपटून निघाले तर ती बचत कोठे जाते हे सांगावयास नको. क्रेन मिळतच नसेल तर दोन दोर वापरावेत. एक उभे करण्यासाठी ओढणारा, आणि दुसरा उलट बाजूने ताणून धरणारा. कारण तोलाचा बिंदू ओलांडताच ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाने धाडकन चाकांवर आदळतो, आणि पडताना जो आस वाचला तो उभा राहताना मोडतो. दोर मागच्या आसाच्या हाउसिंगला बांधावा. स्टिअरिंग, सायलेन्सर किंवा पत्र्याच्या भागाला कदापि बांधू नये. ताणलेला पोलादी दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो, म्हणून दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये. ट्रॉली आधी सोडवावी, मात्र तिची पिन ताणाखाली असेल तर ती ठोकून काढताना अंग बाजूस ठेवावे.

येथे एक बारीक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उभे करण्यापूर्वी गिअर न्यूट्रलमध्ये आणून ठेवावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना मागची चाके फिरली तर इंजिनही फिरते, आणि इंजिन फिरविणे हेच तर आपणास तूर्त टाळावयाचे आहे. न्यूट्रल केल्यावर तो घरंगळू नये यासाठी चाकांना ठोकळे लावावेत.

पहिला सेल्फ का मारू नये

इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये, सहा-सात लिटर तेल असते. ट्रॅक्टर उभा असेतोवर ते खाली राहते. तो पालथा झाला की हेच तेल पिस्टनच्या पाठीवर येऊन साचते. पिस्टनच्या रिंगा धावत्या इंजिनात वायू अडवितात, पण साचून राहिलेल्या तेलाला त्या पूर्ण अडवू शकत नाहीत. रिंगांच्या फटींतून ते हळूहळू सिलिंडरच्या माथ्याकडे, म्हणजे जेथे डिझेल जळते त्या पोकळीत, उतरते. एअर क्लीनर ऑइल बाथ जातीचा असेल तर त्याच्या वाडग्यातील तेलही सांडून आत येणाऱ्या हवेच्या नळीत जाते. ट्रॅक्टर पुन्हा उभा केला म्हणजे हे तेल आपोआप परतते अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. चेंबरमधले तेल खाली बसते, पण पिस्टनच्या माथ्यावर आलेले तेल आता त्याच रिंगांच्या वर अडकून राहते.

डिझेल इंजिन हवा दाबून तापविते आणि त्या उष्णतेवर इंधन पेटविते. साधारण ३५ अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचे एकूण आकारमान अडीच लिटरांच्या आसपास असते; म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे ८३० घनसेंटिमीटर. दाबाचे प्रमाण सतरास एक धरले, तर पिस्टन अगदी वर गेला असता त्याच्या माथ्यावर उरणारी जागा फक्त ५० ते ५२ घनसेंटिमीटर भरते. चहाचा अर्धा कपसुद्धा नव्हे. या जागेपेक्षा अधिक तेल तेथे असेल तर पिस्टनला वर जावयास वाव राहत नाही. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. सेल्फ मोटर आपले सर्व बळ लावते, जड फ्लायव्हील त्यात आपला वेग मिळविते, आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

यापुढची गोष्ट अधिक फसवी आहे. वाकलेला रॉड तत्काळ मोडतोच असे नाही. सीमाभागातील एका ट्रॅक्टरची हकीकत आमच्या पाहण्यातली आहे. तो उसाच्या फडाशेजारच्या चरीत पालथा झाला, रात्री मंडळींनी दोर लावून उभा केला, आणि लगेच सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरून टक्क असा आवाज करून थांबले. एवढ्यावर थांबले असते तरी बरे. पण कारखान्याची तोड आलेली, खेपांचा नंबर लागलेला. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून, गिअरमध्ये टाकून त्यास 'धक्का स्टार्ट' केले. ओढून चालू करण्यात सेल्फच्या कितीतरी पट बळ असते. इंजिन निळा धूर ओकीत चालू झाले, सर्वांनी समाधानाचा निःश्वास टाकला, आणि पुढे बारा दिवस ते चाललेही. तेराव्या दिवशी भरल्या ट्रॉल्या चढाला लागल्या असताना रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. ब्लॉक, क्रँक, पिस्टन असे सर्व गेले. हंगामाचा राहिलेला काळ त्या शेतकऱ्याने भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढला आणि त्याचा हप्ता मात्र स्वतःच्या ट्रॅक्टरचा चालू राहिला.

तेव्हा रीत अशी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून निदान काही तास, शक्य तर रात्रभर, राहू द्यावा. मग नोझल्स, ज्यांना पुस्तकात इंजेक्टर म्हणतात, ती सर्व काढावीत. काढण्यापूर्वी आजूबाजूचा चिखल ब्रशने व डिझेलने स्वच्छ करावा, नाही तर उघड्या भोकातून वाळूचा कण आत जाऊन नवे दुखणे उत्पन्न होते. कोणते नोझल कोणत्या सिलिंडरचे याची खूण ठेवावी आणि पाइपांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत. आता क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, चालण्याच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवावे. चार धावांच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते, म्हणून दोन. तेल असेल तर ते नोझलच्या भोकांतून वर येताना दिसते. नोझल काढल्यावरही इंजिन कोठे अडत असेल तर ते अडणे तेलाचे नव्हे, लोखंडाचे आहे असे समजावे, आणि हेड उघडल्यावाचून पुढे जाऊ नये.

हाताने मोकळे फिरल्यावर स्टॉपर ओढून धरून सेल्फला थोडे थोडे झटके द्यावेत. या वेळी भोकांवर जाड कापड टाकावे व तोंड त्यांच्यावर नेऊ नये. तेलाची चिळकांडी छतापर्यंत जाते. तेल येणे बंद झाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर नवे तेल सोडून, नोझलखालील तांब्याच्या वायसर नव्या घालून नोझल्स बसवावीत. जुन्या वायसर पुन्हा घालण्याची काटकसर करू नये. तेथून दाब निसटतो आणि मिस्त्री दोष भलतीकडेच शोधीत बसतो. बसविल्यानंतर पुन्हा एकदा हाताने दोन फेरे, आणि मगच सेल्फचे नाव.

रॉड वाकला आहे की नाही याचा सुगावा दाब मोजल्याने लागतो. एका सिलिंडरचा दाब इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे कमी आला, तर त्याचा पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही अशी शंका घ्यावी आणि हेड काढून पिस्टनांची उंची ताडून पाहावी. ज्या ट्रॅक्टरचा सेल्फ आधीच मारला गेला आहे व इंजिन टक्कन थांबले आहे, त्याच्या बाबतीत ही तपासणी टाळणे म्हणजे वर सांगितलेल्या बारा दिवसांची वाट पाहणे होय.

आता हवेची नळी. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंत सर्व भाग सोडवून आतील तेल पुसून काढावे. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरात पुढचे लांब पाइपही पाहावेत. कागदी फिल्टर तेलात भिजला असेल तर तो टाकूनच द्यावा. या स्वच्छतेचे कारण निव्वळ धूर टाळणे एवढेच नाही. डिझेल इंजिनाला स्वतःचे वंगणतेलही इंधन म्हणून चालते. नळीत साचलेले तेल हवेबरोबर आत ओढले गेले की इंजिन आपोआप वेग घेऊ लागते, आणि स्टॉपर ओढला तरी थांबत नाही. कारण स्टॉपर पंपाचे डिझेल बंद करतो, आणि हे इंजिन तर पंपाचे डिझेल घेतच नसते. वेग वाढत वाढत शेवटी इंजिन फुटते. अशा वेळी उपाय एकच : हवा तोडणे. हवेच्या नळीच्या तोंडावर जाड सपाट फळी घट्ट दाबून धरावी. हाताचा तळवा अथवा कापड लावू नये. तोंडाशी ओढ इतकी जबरदस्त असते की कापड आत खेचले जाते आणि हाताला दुखापत होते. म्हणून पहिल्या वेळी इंजिन चालू करताना एका माणसाच्या हाती फळी देऊन त्यास नळीशेजारी उभे करावे व दुसरे कोणतेही काम सांगू नये.

उरलेली तपासणी

इंजिनाचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. दुधाळ नसले तरी तेल व फिल्टर बदलणेच योग्य, कारण उलटताना तळाचा गाळ सर्वत्र ढवळला जातो. गिअर आणि लिफ्टच्या तेलाची पातळी पाहावी. रेडिएटरच्या जाळीत पंख्याची पाती घुसली आहेत काय ते पाहून, पंखा हाताने फिरवून, मग पाणी भरावे. हवेने थंड होणाऱ्या जुन्या आयशरसारख्या इंजिनास रेडिएटर नाही, पण त्याच्या पंखांत माती दाटून बसलेली असते. डिझेलच्या टाकीत चिखल-पाणी गेले असल्यास ती रिकामी करून धुवावी. त्यानंतर पंपाची एअर काढावी : आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, आणि शेवटी नोझलकडील नट, या क्रमाने बुडबुडे थांबेपर्यंत. नोझलच्या पाइपातून फुटणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. तशी इजा झाल्यास जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत आणि त्यांतील पुष्कळांत संगणकाच्या नियंत्रणाखालील कॉमन रेल पद्धती आली आहे. तिच्यात हजारांहून अधिक बारचा दाब असतो. तेथे जुन्या सवयीने चालत्या इंजिनाचे नट सैल करू नयेत. ते काम कंपनीच्या माणसाचे.

बांध्याविषयी एक गोष्ट ट्रकवाल्यांच्याही ध्यानी येत नाही. ट्रकला चासी असते. बहुतेक ट्रॅक्टरांना ती नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले बिडाचे भाग हीच ट्रॅक्टरची पाठ. उलटण्याचा सारा मरोड या जोडांवर येतो आणि तेथे केसासारखी चीर पडू शकते. ती शोधण्याची जुन्या मिस्त्रींची युक्ती आजही उत्तम आहे : जोडाचा भाग स्वच्छ करून त्यास रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोडा वेळ मुरू द्यावे, कोरडे पुसून वरून खडूची पूड चोळावी. चीर असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. अशा चिरेवर वरवर वेल्डिंग करून ट्रॅक्टर उसाच्या खेपेला पाठविणे आम्हास मान्य नाही. टाय रॉड, पुढचा आस, चाकांचे स्टड आणि रिम हेही तपासावेत. स्टड पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत.

चालू करण्याची वेळ आल्यावर प्रथम स्टॉपर ओढून सेल्फ मारावा, म्हणजे तेलाचा दाब सर्वत्र पोहोचतो. मग चालू करावे. दहा-पंधरा मिनिटे निळसर पांढरा धूर येईल. सायलेन्सरमधले तेल जळून संपले की तो विरळ होतो, त्यास भिऊ नये. तेलाचा दिवा विझला नाही, किंवा लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका ऐकू आला, तर मात्र क्षणभरही चालू ठेवू नये.

हे सर्व कोरड्या जमिनीवर उलटलेल्या ट्रॅक्टरबद्दल झाले. कालव्यात, नदीत किंवा विहिरीच्या चरीत पडलेल्याचे शास्त्र थोडे उलटे आहे. तेथेही सेल्फ मारावयाचा नाहीच, पण रात्रभर थांबावयाचेही नाही. पाणी सिलिंडरमध्ये राहिले की लाइनरवर गंज धरतो. वर काढल्याबरोबर नोझल्स काढून पाणी घालवावे, सिलिंडरमध्ये तेल सोडून इंजिन हाताने फिरवावे, सर्व ठिकाणची तेले बदलावीत, आणि सेल्फ व आल्टरनेटर उघडून वाळवावेत.

विम्याविषयी आश्वासन दिले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १४६ व्या कलमान्वये रस्त्यावर येणाऱ्या वाहनास तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पण त्यात स्वतःच्या ट्रॅक्टरची नुकसानी मिळत नाही. ती हवी असल्यास पूर्ण विमा लागतो. त्याही विम्याच्या प्रचलित नमुन्यात एक अट असते, आणि ती आमच्या विषयाशी नेमकी जुळते : अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालविले आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढलेले नुकसान मालकाच्या शिरावर. म्हणजे चेपलेल्या पत्र्याचे पैसे कंपनी देईल, पण घाईच्या सेल्फने वाकलेल्या रॉडचे देताना हात आखडता घेईल, आणि तिच्या बाजूने ती अट असेल. म्हणून खोलण्यापूर्वी कंपनीस कळवावे, सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत इंजिनास हात लावू नये, आणि घेतलेली छायाचित्रे जपून ठेवावीत. पाण्यात पडलेल्या ट्रॅक्टरला थांबण्यास सवड नसते. तेथे फोनवरून कळवून, छायाचित्रे घेऊन, काम सुरू करावे व काढलेले भाग दाखविण्यास ठेवावेत. शेतीच्या नावाने नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने माल वाहताना उलटला तर दाव्यात अडचण येते, हेही मालकास आधीच सांगून ठेवणे बरे.

चालकाच्या डोक्यावरील पोलादी चौकटीबद्दल न लिहिता पुढे जाणे योग्य होणार नाही. १९५९ साली स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट कायद्याने सक्तीची केली आणि तेथे उलटल्यामुळे होणारे मृत्यू पुढील काळात फारच कमी झाले. चौकट ट्रॅक्टरला पूर्ण पालथा होऊ देत नाही, आणि कमरेचा पट्टा चालकाला चौकटीच्या आत धरून ठेवतो. पट्टा नसला तर तो बाहेर फेकला जाऊन चौकटीखालीच सापडू शकतो. जेथे चौकट नाही तेथे मात्र पट्टा बांधू नये. आपल्याकडील पुष्कळशा ट्रॅक्टरांवर ती दिसत नाही, आणि असते तेथे सावलीचे छप्पर म्हणूनच तिची किंमत होते. लोहाराकडून करून घेतलेले छप्पर ही चौकट नव्हे. उलटताना एकदा वाकलेली खरी चौकट सरळ करून किंवा वेल्ड करून पुन्हा बसवू नये. तिची शक्ती त्या एका पडण्यात खर्च झालेली असते.

सुटे भाग विकणाऱ्या आमच्या बंधूंना हंगामापूर्वी एक सूचना कराविशी वाटते. उलटलेल्या ट्रॅक्टरचा मिस्त्री दुकानात आला की त्याला इंजिनाचा पूर्ण संच दाखविण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा त्याचे काम नोझलच्या तांब्याच्या वायसर, तेलाचा व डिझेलचा फिल्टर, एअर क्लीनरची कागदी जाळी, रबरी नळ्या, क्लिपा आणि दोन डबे तेल एवढ्यावर भागते. या वस्तू आपल्याकडे विशेष चालणाऱ्या चार-दोन मेकच्या मापांत दिवाळीपूर्वी मागवून ठेवल्या, तर रात्री-अपरात्री आलेल्या गिऱ्हाइकाला बेळगाव किंवा कोल्हापूरपर्यंत धावावे लागत नाही. फळी विकत देण्याची आवश्यकता नाही. दुकानातील मालाच्या जाड खोक्याची एखादी सपाट फळी त्याच्या हाती द्यावी आणि ती कशासाठी ते समजावून सांगावे.